नॉन-मेडिकल

माझ्या नेमणूकपत्रावर पदनामापुढे कंसात एक शब्द छापलेला असतो : नॉन-मेडिकल. प्रकल्प बदलतो, संस्था बदलते, पगार थोडा मागेपुढे होतो, कंस मात्र जागचा हलत नाही. आरोग्य-संशोधनाच्या प्रकल्पांत वैज्ञानिकाची पदं दोन जातींची, मेडिकल आणि नॉन-मेडिकल, आणि पगारही वेगळे. पहिल्यात डॉक्टर. दुसऱ्यात उरलेले सगळे : मायक्रोबायॉलॉजीवाला, स्टॅटिस्टिक्सवाला आणि कोपऱ्यात मी, समाजशास्त्रातली पीएचडी. या कंसात शिरायला आणि मग तिथं टिकायला माझी बारा वर्षं गेली. हल्ली मुलं फोन करून विचारतात, ‘मॅडम, मेडिकल सोशिऑलॉजीत करिअर आहे का?’ फोनवर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा लिहून टाकते.

मी मूळची बार्शीची. पुण्यात एमए करताना तिसऱ्या सत्रात ‘आरोग्याचं समाजशास्त्र’ हा ऐच्छिक पेपर घेतला. त्यामागे ध्येयबिय काही नव्हतं. तो तास सकाळी अकराला असायचा आणि दुसरा पर्याय सकाळी आठला. पण पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले : ‘वैद्यकातलं’ आणि ‘वैद्यकाचं’. १९५७ साली रॉबर्ट स्ट्रॉस नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं ही फोड केली. वैद्यकातलं समाजशास्त्र म्हणजे डॉक्टरांच्या बाजूला बसून त्यांचे प्रश्न सोडवायला मदत करणं : रुग्ण औषध अर्ध्यावर का सोडतो, लस का नाकारतो. वैद्यकाचं समाजशास्त्र म्हणजे लांब उभं राहून वैद्यकालाच तपासणं : दवाखान्यात सत्ता कुणाची, ‘रुग्ण’ कुणाला म्हणायचं हे ठरवतं कोण. स्ट्रॉसचं म्हणणं असं, की दोन्ही एकाच माणसाला एकाच वेळी जमणं कठीण. पहिला डॉक्टरांत इतका मिसळतो की त्याला काही दिसेनासं होतं. दुसरा सहकाऱ्यांकडेच दुर्बीण रोखायला लागला की त्याला चहालाही कुणी बोलवत नाही.

फरक एका प्रत्ययाचा. मी तो वहीत उतरवून घेतला आणि परीक्षेत सोळापैकी बारा मार्क मिळवले. तो पुढं पगाराच्या स्लिपवर भेटेल अशी कल्पना नव्हती.

नेट-जेआरएफबद्दल, म्हणजे पीएचडीसाठी दरमहा पैसे मिळवून देणाऱ्या परीक्षेबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. तिसऱ्या खेपेला, २०१४ साली झालं. तेव्हा जेआरएफचे महिन्याला २५ हजार मिळत. बार्शीत हा आकडा सांगितल्यावर आईनं दोनदा विचारलं, ‘शिकायचे पैसे देतात? तुलाच?’ पैसे यायचे, पण आपल्या सवडीनं. चार महिने काहीच नाही आणि मग एकदम. मुंबईतल्या पेइंग गेस्टच्या मावशींना ही पद्धत समजावता समजावता माझं अर्धं फिल्डवर्क तिथंच झालं.

विषय मात्र मनासारखा मिळाला. तेव्हा क्षयरोगाच्या उपचारात एक नवं तंत्र येत होतं, ९९डॉट्स. कल्पना साधी आणि हुशारीची. गोळ्यांच्या पाकिटाला एक कागदी वेष्टण. त्या दिवसाची गोळी दाबून बाहेर काढली की मागं दडलेला एक फोन नंबर उघडा पडतो. रुग्णानं त्यावर फुकट कॉल करायचा. नंबर कुठला निघेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून कॉल आला याचा अर्थ पाकीट उघडलं. पाकीट उघडलं म्हणजे गोळी घेतली, असं धरायचं. तिकडं संगणकावर रुग्णाच्या नावापुढच्या कॅलेंडरात तो दिवस हिरवा होतो. नाही आला तर लाल.

यामागचा इतिहास ठाऊक असेल तर हे किती मोठं पाऊल होतं ते कळतं. डॉट्स म्हणजे कुणीतरी डोळ्यांदेखत गोळी गिळायला लावणं. १९९७पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हीच पद्धत होती. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसानं आठवड्यातून तीनदा केंद्रावर जायचं, कुणासमोर तरी तोंड उघडायचं, पाणी प्यायचं. २०१७च्या सुमारास रोजच्या गोळ्या देशभर सुरू झाल्या आणि रोज कुणाला समोर बसवणार, हा प्रश्न आला. उत्तर आलं फोनमधून. नजर तीच, फक्त ती केंद्रातून उठून पाकिटात शिरली. मला हेच बघायचं होतं. टॅल्कॉट पार्सन्सनं १९५१मध्ये लिहिलं होतं की आजारी माणसाला कामातून सूट मिळते, पण त्या बदल्यात बरं होण्याची धडपड करणं आणि डॉक्टरचं ऐकणं हे त्याचं कर्तव्य होतं. ते कर्तव्य आता मोजता येणार होतं. हिरवं आणि लाल.

मॅडम, म्हणजे माझ्या गाइड, सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) वाचून म्हणाल्या, ‘हे छान आहे. आता हे एथिक्स कमिटीसमोर मांड, म्हणजे खरं छान आहे का ते कळेल.’

विद्यापीठाच्या समितीनं सिनॉप्सिस वीस मिनिटांत मंजूर केला. रुग्णांना भेटायचं म्हटल्यावर आरोग्य-संशोधनाच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागणार होती, शिवाय महापालिकेच्या क्षयरोग विभागाची. ती फाइल कुठं कुठं फिरली हे लिहायला बसले तर दुसरा प्रबंध होईल. कमिटीचं तेवढं सांगते, कारण तिथं जे घडलं ते मी बराच काळ चुकीचं समजत होते.

एका लांबट खोलीत बारा-तेरा माणसं, मध्ये समोशांची प्लेट. माझ्या आधी दोन औषध-चाचण्या होत्या, एकेकीला पाऊण तास. मला दहा मिनिटं. औषधशास्त्राच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न टाकला :

‘यात इंटरव्हेन्शन काय आहे?’

‘काही नाही, सर.’

‘मग तुम्ही करणार काय?’

‘रुग्णांच्या घरी जाणार. बसणार, बघणार, बोलणार.’

कुणीतरी हसलं. स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी सॅम्पल साइजचं सूत्र विचारलं. मी तीसेक कुटुंबं म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. कमिटीत एक सामान्य नागरिक असावा लागतो, तिथं एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या म्हणाल्या, ‘बाळ, तुला घरात घेणार कोण?’ त्या दिवसातला हा सगळ्यात व्यवहारी प्रश्न. मग कोपऱ्यातले एक वयस्कर छातीरोगतज्ज्ञ, तोवर समोसा संपवत बसलेले, म्हणाले, ‘तुम्ही घरात बसला आहात. पेशंट गोळ्या घेत नाही असं तुमच्या लक्षात आलं. संगणकावर हिरवं आहे. काय कराल?’

मी तयारी केलेलं उत्तर दिलं : गोपनीयता पाळीन, आणि रुग्णानं स्वतः केंद्राशी बोलावं यासाठी त्याला प्रवृत्त करीन. ते म्हणाले, ‘हं.’ बस, एवढंच. बाहेर आल्यावर मी मॅडमना सांगितलं की हे डॉक्टर लोक आपल्याला पेशंटवरचा आणखी एक पहारेकरी समजतात. वैद्यकातलं! मला ‘चं’ करायचं होतं.

पत्र आलं अकरा शंकांचं. मॅडमनी मला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचायला लावली. त्यात आरोग्यविषयक सामाजिक आणि वर्तनशास्त्रीय संशोधनावर आख्खा एक विभाग आहे. तो कमिटीतल्या फार जणांनी उघडलेला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही नव्हता. त्याचा आधार घेऊन आम्ही सॅम्पल साइज, गृहीतक, व्हॅलिडेटेड प्रश्नावली या सगळ्यांना उत्तरं दिली. तीन फेऱ्या झाल्या. सात महिने गेले.

त्यातले दोन महिने संमतीपत्राच्या भाषांतरात. इंग्रजी मसुदा, त्याचा मराठी आणि हिंदी अनुवाद, मग तिसऱ्याच माणसाकडून परत इंग्रजी, आणि दोन्ही इंग्रजी जुळायला हवीत. ‘आपली माहिती गुप्त ठेवली जाईल’ हे वाक्य कमिटीनं आनंदानं मंजूर केलं. गोवंडीत पहिल्याच घरी ते वाचून दाखवलं तर बाई उठून उभ्याच राहिल्या. ‘गुप्त’ म्हटलं की लोकल ट्रेनमधल्या गुप्तरोगाच्या जाहिराती आठवतात, हे आम्हा तिघा अनुवादकांपैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ‘संशोधन’ म्हटलं की ‘आमच्यावर औषध करून बघणार का?’ ‘अभ्यास’ म्हटलं की ‘परीक्षा आहे का तुमची?’ मी म्हणायचे, ‘हो, तशीच समजा.’ शेवटी दुरुस्तीचा अर्ज टाकून वाक्य बदललं : तुमचं नाव मी कुणाला सांगणार नाही.

फिल्डवर्क गोवंडी-मानखुर्दच्या बाजूला, २०१८च्या पावसाळ्यापासून वर्षभर. मुख्याध्यापिकाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या महिन्यात मिळालं : घरात घेतलं ते आरोग्य सेविकेमुळं. गल्लीत सगळे तिला ओळखत. ती पुढं आणि मी मागं, म्हणजे मीही दवाखान्याचीच असं लोक धरून चालत. मी दर वेळी सांगायचे की मी दवाखान्याची नाही. लोक मान डोलवायचे आणि वजन किती वाढलं ते सांगायला लागायचे.

हिरव्या-लालची गोष्ट घराघरांत वेगळी निघाली. एका घरात फोन एकच, नवऱ्याचा. तो रिक्षा घेऊन सकाळी सहाला बाहेर. बायको दुपारी जेवून गोळ्या घ्यायची, उघडा पडलेला नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर पेनानं लिहून ठेवायची. नवरा रात्री आला की कॉल. कधी दोन-तीन दिवसांचे एकदम. एकही गोळी न चुकवलेली ही बाई संगणकावर लाल ठिपक्यांची. सुपरवायझरचा तिला फोन यायचा तोही नवऱ्याच्याच फोनवर, प्रवासी बसलेले असताना. स्वतःला वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात साधारण ५४ टक्के, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पुढं आलं. मला तो आकडा भिंतीवरच्या त्या कॅलेंडरासारखा दिसतो.

आणि दुसरं घर. नाक्यावर बिगारी काम करणारे एक चाचा, पन्नाशीचे. कॅलेंडर सलग हिरवं. केंद्रातल्या ताई त्यांचं उदाहरण बाकीच्यांना देत. त्यांच्याकडे मी पाचव्यांदा गेले होते. चहाला साखर हवी म्हणून त्यांनी फळीवरचा डबा काढला, चुकून शेजारचा आला. आत गोळ्या. बऱ्याच. मी पाहिलं, आणि मी पाहिलं हे त्यांनी पाहिलं.

‘कॉल तो रोज करता हूँ,’ ते म्हणाले.

मला तो समोसा संपवणारा म्हातारा आठवला. ‘हं.’

गोळ्या घेतल्या की तासाभरात मळमळायचं, उलटी व्हायची. सकाळी घेतल्या तर नाक्यावर उभं राहवत नाही, आणि नाक्यावर उभं राहिलं नाही तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. लघवी केशरी व्हायची तीही साइटवर सोबतच्यांनी पाहिली होती. कॉल नाही केला तर घरी माणूस येतो, गल्लीला कळतं. म्हणून गोळी डब्यात आणि कॉल वेळेवर. तंत्राला काय हवं होतं ते त्यांना नेमकं कळलेलं होतं.

माझ्या संमतीपत्रावर त्यांचा अंगठा होता आणि माझं वचन. घरात सून आणि दीड वर्षाचा नातू. मी त्या रात्री झोपले नाही. मॅडमना फोन केला, त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘फॉर्मवर काय लिहिलंस ते ठाऊक आहे. तू काय करणार आहेस?’ दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे परत गेले. टिपणवही नेली नाही. दोन तास बसले. शेवटी आम्ही दोघं मिळून केंद्रावर गेलो, बोलले तेच, मी बाकावर बसून राहिले. मेडिकल ऑफिसरांनी उलटीवर गोळी दिली आणि क्षयाच्या गोळ्या रात्री झोपताना घ्यायला सांगितल्या. ताईंना वाईट वाटलं, थोडा रागही आला, माझाही आला. चाचांचा कोर्स लांबला, पण पुरा झाला.

त्या आठवड्याची टिपणं मी दोनदा लिहिली. एकदा मी दवाखान्याची माणूस म्हणून वागले असं, एकदा दवाखान्यानं चाचांना कॉल करायला शिकवलं पण उलटीबद्दल विचारलं नाही असं. दोन्ही खरं होतं. पुढं सल्लागार समितीत एका प्राध्यापकांनी ऐकवलं, ‘तुम्ही फिल्ड दूषित केलंत.’ मी ‘हं’ म्हणाले.

प्रबंध लिहिताना एका जुन्या निबंधाशी गाठ पडली. बंगळूरच्या नॅशनल ट्युबरक्युलोसिस इन्स्टिट्यूटमधून डी. बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी कर्नाटकातल्या तुमकूर भागातल्या क्षयरुग्णांचा समाजशास्त्रीय अभ्यास १९६३मध्ये छापला. तोवर समजूत अशी, की खेड्यातला माणूस खोकल्याकडं लक्षच देत नाही, त्याच्यात जागृती करायला हवी. यांना आढळलं की निम्म्याहून अधिक रुग्ण लक्षणं घेऊन आधीच दवाखान्यात जाऊन आले होते. खोकल्याची बाटली घेऊन परत फिरले होते. म्हणजे प्रश्न रुग्णाच्या डोक्यात नव्हता, दवाखान्याच्या टेबलापलीकडे होता. हेच बॅनर्जी पुढं जेएनयूतल्या सामाजिक वैद्यक केंद्राचे संस्थापक झाले. मला त्या निबंधाचं अप्रूप वेगळ्याच कारणासाठी वाटलं. हे काम सरकारी क्षयरोग संस्थेच्या आत बसून झालं होतं. नोकरी ‘तलं’, नजर ‘चं’. स्ट्रॉसनं कठीण म्हटलेलं सहा वर्षांतच कुणी करून मोकळं झालं होतं, आणि मी २०१९मध्ये मला कुठल्या बाजूला बसवतात याची काळजी करत होते.

प्रबंध सादर करण्याआधी एक निबंध छापून यायला हवा अशी तेव्हा अट होती (२०२२च्या नियमावलीत ती गेली). यूजीसीच्या मान्य यादीतलंच नियतकालिक हवं. यादी रोज बदलायची. २०१८च्या मे महिन्यात तर ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात यादीबाहेर काढली, त्यात बोगस पुष्कळ होती, पण सुक्याबरोबर ओलंही जळलं. माझा निबंध थोडक्यात वाचला. व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, २०२०च्या सप्टेंबरात ऑनलाइन झाला. बाह्य परीक्षकांचा आवाज दर तिसऱ्या वाक्याला तुटत होता. ‘यात समाजशास्त्र…’ एवढं ऐकू आलं, पुढचं नाही. मी अंदाजानं ‘समाजशास्त्र कुठं आहे’ याचं उत्तर दिलं. नंतर कळलं की त्यांनी ‘यात समाजशास्त्र चांगलं आहे’ असं म्हटलं होतं. आईनं स्क्रीनसमोर पेढे धरले.

मग नोकरी.

समाजशास्त्र विभागाच्या मुलाखतींत विषयतज्ज्ञ माझा बायोडेटा चाळून म्हणत, ‘हे सगळं आरोग्याचं आहे. ग्रामीण समाजशास्त्र शिकवाल का? भारतीय समाज?’ शिकवीन म्हणायचे, आणि शिकवलंही. तासिका तत्त्वावर, सीएचबी म्हणतात ते. घेतलेल्या तासांचे पैसे, मे महिन्याचे नाहीत, दिवाळीचे नाहीत, आणि बिलं सहा-सहा महिने पडून. कायम जागेसाठी आधी शासनाची एनओसी, मग बिंदुनामावली (आरक्षणाचा तक्ता), मग वर्कलोड. तीन विद्यार्थी बसतील अशा ऐच्छिक पेपरवर कुणाचं वर्कलोड बसत नाही. शिवाय एक बोलणं मुलाखतीच्या खोलीत होत नाही, पार्किंगमध्ये होतं. ते एकदा माझ्याशीही झालं. आकडा ऐकून मी स्कूटी काढली.

वैद्यकीय महाविद्यालयांत जनऔषधवैद्यकशास्त्राचा, म्हणजे सामाजिक वैद्यकाचा, विभाग असतो, पीएसएम. तिथं संख्याशास्त्राचा माणूस असतो, मेडिकल सोशल वर्कर असतो, सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात. समाजशास्त्रज्ञ असं पद माझ्या पाहण्यात आलं नाही. एका विभागप्रमुखांनी फार आपुलकीनं विचारलं, ‘तुम्ही एमएसडब्ल्यू का नाही केलं?’

उरले प्रकल्प. २०२१पासून मी प्रकल्पांवर आहे. अकरा महिन्यांचा करार, मध्ये खंड, परत अकरा. मला वाटलं त्यापेक्षा जास्त शिकवलं ते या प्रकल्पांनीच, हे कबूल करायला हवं. नवं यंत्र किंवा औषध सरकारनं विकत घ्यावं का, हे ठरवण्यासाठी आरोग्य संशोधन विभागाखाली २०१७पासून एक यंत्रणा आहे, एचटीएइन. खर्चाच्या मानानं आयुष्याची किती वर्षं आणि कशा अवस्थेतली मिळतात, याचा हिशेब. तो करायला मी शिकले. त्यासाठी रुग्णाला पाच गोष्टी विचारतात : चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, नेहमीची कामं, दुखणं, चिंता. आणि शेवटी शून्य ते शंभरची पट्टी दाखवायची, आज तब्येत किती? पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळच्या एका पाड्यावर एका आजीनं पट्टी हातात घेऊन नीट बघितली आणि विचारलं, ‘शंभर कुणाची असते?’ फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. मी तिला ‘नेहमीची कामं’ विचारली होती तेव्हा ती डोक्यावर हंडा घेऊन उभी होती आणि म्हणाली होती, काही अडचण नाही. अडचण आहे म्हटलं तर पाणी कोण आणणार? फॉर्मवर ती ‘अडचण नाही’ मध्ये गेली. डॉक्टर सहकाऱ्याला मी हे सांगितलं, त्यानं मनापासून ऐकलं आणि म्हणाला, ‘बरोबर आहे, पण मिसिंग डेटा नको.’

दुसरा प्रकल्प आशाताईंच्या टॅबलेटचा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा सीबॅक, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका मोजणारा, फॉर्म भरायचा : वय, तंबाखू, कंबर, घरात कुणाला साखर. चारच्या वर गुण झाले की तपासणीला आधी पाठवायचं. आमचं काम ॲप कसं चालतं ते बघायचं. चालायचं असं : ताई दिवसा कागदावर भरत, कारण रेंज नाही आणि टॅबलेट उन्हात दिसत नाही. रात्री जेवणं उरकल्यावर लेकीच्या मदतीनं तेच सगळं ॲपमध्ये. एक ताई म्हणाली, ‘ॲपमुळं काम सोपं झालं असं लिहा. कुणाचं ते लिहू नका.’ त्या रात्रपाळीवर मी अठरा पानं लिहिली. अहवालात त्याची एक ओळ झाली : प्रशिक्षणाची आणखी गरज आहे. मी भांडले. वरिष्ठ समजुतीनं म्हणाले, ‘डॉक्टर,’ (पीएचडी झाल्यापासून काम करून घ्यायचं असलं की मला डॉक्टर म्हणतात) ‘तुमचा तो वेगळा पेपर करा.’ केला. दोन वर्षांनी छापून आला. तोवर ॲपची पुढची आवृत्ती आली होती.

तर फोन करणाऱ्या मुलांनो, करिअर आहे का? कामं आहेत, भरपूर. आरोग्यात येणारं प्रत्येक यंत्र कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी फोनवर, कुणाच्या तरी रात्रीच्या झोपेवर उभं राहतं, आणि ते बघायला माणूस लागतोच. पदं नाहीत. नेट लवकर उरका. संख्याशास्त्र शिका, न आवडलं तरी, कारण त्याशिवाय त्या टेबलावर तुमचं बोलणं सुरूच होत नाही. मराठीत संमतीपत्र लिहायची कला आली तर उपाशी राहणार नाही, हे मी गमतीनं म्हणत नाही. आणि घरी पैशाचा आधार असेल तर तो लपवू नका. माझ्या बरोबरीच्या ज्यांना तो नव्हता त्यातले तिघं आज दुसरंच काही करतात. माझ्या नवऱ्याची बँकेतली नोकरी कायम आहे, म्हणून मी अकरा महिन्यांचा हिशेब हसत सांगू शकते.

२०२३मध्ये एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीचं पत्र आलं. कमिटीत एक समाजशास्त्रज्ञ किंवा नीतिशास्त्राचा माणूस लागतो. नावापुढं लिहिलं होतं ‘सोशल सायंटिस्ट’, आणि कंस नव्हता. बैठकीचा भत्ता मिळतो, समोसे इथंही असतात.

गेल्या बैठकीत एक तरुण निवासी डॉक्टर आला होता. गोळ्यांच्या डबीत सेन्सर, झाकण उघडलं की नोंद, मोबाइलवर आलेख. पन्नास घरांत डबी ठेवणार आणि दर पंधरवड्याला घरी जाऊन बघणार. स्लाइड्स देखण्या होत्या. सॅम्पल साइजचं सूत्र होतं. सगळ्यांचे प्रश्न झाल्यावर अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं.

मी विचारलं, ‘तुम्ही घरी गेलात. आलेख हिरवा आहे. गोळ्या साखरेच्या डब्याशेजारी आहेत. काय कराल?’

तो गडबडला. ‘मॅडम, डेटा ॲनॉनिमस असेल.’

‘तुम्ही तिथं बसलेले असाल.’

त्यानं बाजूच्या गाइडकडे पाहिलं. गाइड प्लेटकडे पाहत होते. मग तो म्हणाला, गोपनीयता पाळीन आणि रुग्णानं स्वतः केंद्राशी बोलावं यासाठी त्याला प्रवृत्त करीन. शब्द न् शब्द तेच, बहुधा एकाच कुठल्या तरी नमुन्यातून पोरं उतरवून घेतात.

मी ‘हं’ म्हणाले. मग वाटलं, हे पुरेसं नाही, निदान मला तरी पुरलं नव्हतं. त्याला बैठकीनंतर थांबायला सांगितलं आणि माझा नंबर दिला : कधीही, रात्रीसुद्धा. त्यानं तो फोनमध्ये घेतला. अध्यक्षांनी पुढचा प्रस्ताव पुकारला, गुडघ्याच्या इम्प्लांटचा.